नदीचे खोरे हेच पाठ्यपुस्तक : बारवीच्या खोऱ्यातील पर्यावरण-अभ्यास

महाविद्यालयातील विद्यार्थी हातात प्रश्नावली घेऊन गावात येतात, विहिरीचे पाणी बाटलीत भरून घेतात, चार-दोन शेतकऱ्यांशी बोलतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्या पाण्यात काय आढळले, हे गावास पुढे कळत नाही. विद्यार्थ्यास गुण मिळतात, अहवाल कपाटात पडतो आणि विहीर होती तशीच राहते. असा अनुभव पुष्कळ गावांना आला आहे. परिणामी पुढच्या खेपेस कोणी विद्यार्थी आला, तर शेतकरी त्यास वरवरची उत्तरे देऊन वाटेस लावतो. यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही व शेतकऱ्याचाही नाही. हा अभ्यास काय आहे, तो कसा व्हावा व त्यापासून गावाने काय मागावे, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास असल्यास हीच भेट गावाच्या उपयोगी पडू शकते. ठाणे जिल्ह्यातील बारवी धरण व त्याखालील उल्हास नदीचे खोरे यांच्या आधारे ही माहिती येथे दिली आहे.

अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

पर्यावरण हा विषय सर्व विद्यार्थ्यांना शिकविला जावा, असा निदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २००४ साली सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला. त्यात आठ प्रकरणे होती. विषयाची व्याप्ती, नैसर्गिक साधनसंपत्ती, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न आणि लोकसंख्या ही सात प्रकरणे वर्गात शिकवावयाची व आठवे प्रकरण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे, अशी त्याची रचना होती. शंभर गुणांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्यास होते. नवीन शैक्षणिक धोरणास अनुसरून आयोगाने २०२३ साली या विषयाची सुधारित चौकट प्रसिद्ध केली. तीतही क्षेत्रकार्यास स्थान आहे.

याशिवाय कृषी विद्यापीठांचे पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येतात. कोकण विभागासाठी दापोली येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. भातसंशोधनाचे त्याचे प्रादेशिक केंद्र उल्हास नदीच्याच खोऱ्यात, कर्जत येथे आहे. म्हणजे या खोऱ्यातील गावांत दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. एकास पाण्याची परीक्षा करता येते, परंतु भाताची फारशी माहिती नसते. दुसऱ्यास पिकाची माहिती असते, परंतु शहराच्या सांडपाण्याचा विचार त्याने केलेला नसतो. दोघांची गाठ घालून देणे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे पहिले काम होय.

खोऱ्याची ओळख

उल्हास नदी सह्याद्रीत राजमाची परिसरात उगम पावते व कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण या मार्गाने सुमारे १२२ किलोमीटरांचा प्रवास करून वसईच्या खाडीस मिळते. भिवपुरी येथील जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. तेव्हापासून घाटमाथ्यावरील धरणाचे पाणी वीज निर्माण करून या नदीत उतरते. त्यामुळे एरवी उन्हाळ्यात क्षीण झाली असती अशी ही नदी बारमाही वाहते. बारवी ही तिची उपनदी. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बारवीवर धरण बांधले. त्याचे पाणी नदीच्या पात्रातून सोडून जांभूळ येथे शुद्ध करण्यात येते आणि तेथून अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे व नवी मुंबई या परिसरातील कारखान्यांस व नागरी वस्तीस पुरविण्यात येते.

याच खोऱ्यात वालधुनी ही लहान नदी आहे. मलंगगडाच्या बाजूस उगम पावून ती अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते व उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ खाडीस मिळते. हे मंदिर १०६० सालचे आहे. नदीकाठी एवढे मोठे देवालय उभारणाऱ्यांच्या काळी तिचे पाणी पूजेस चालत असले पाहिजे. आज ते हातपाय धुण्यासही कोणी घेत नाही. डोंगर, धरण, नदी, कारखाने, दाट वस्ती आणि खाडी हे सारे एका दिवसात पाहता येईल एवढ्या अंतरात आहे. म्हणून अभ्यासक्रमातील जवळजवळ प्रत्येक प्रकरण या खोऱ्यात उघड्या डोळ्यांनी वाचता येते. हे वाचन वरून खाली, म्हणजे पाणी ज्या क्रमाने वाहते त्या क्रमाने करावे.

पहिला टप्पा : डोंगरउतार आणि माती

धरणात साठणारे पाणी प्रथम डोंगरउतारावर पडते. उतारावर झाडोरा असेल तर पाणी मुरते व ओढे पावसाळ्यानंतरही वाहतात. उतार उघडा असेल तर पाणी मातीसह धावते. एक हेक्टर जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तरी ती माती दहा घनमीटर भरते. तिचे वजन सुमारे तेरा टन होते. एका बैलगाडीत अर्धा टन माती धरल्यास सव्वीस गाड्या माती एका हेक्टरातून गेली, असा याचा अर्थ होय. हीच माती जलाशयात जाऊन बसते. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान ते धरणाचेही नुकसान.

या भागातील भातशेतीत रोपवाटिकेची जमीन भाजण्याची, म्हणजे राब करण्याची रीत आहे. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून जाळल्याने तणाचे बी मरते, राख मिळते व रोपे जोमदार येतात. शेतकऱ्याने ही रीत अनुभवाने स्वीकारली आहे, अज्ञानाने नव्हे. परंतु त्यासाठी दरवर्षी झाडे छाटावी लागतात व शेतास खत म्हणून मिळू शकणारा पाला आणि शेण जळून जाते. येथे विद्यार्थ्याने उपदेश करू नये. तुलना करून दाखवावी. शेजारी शेजारी एक गुंठा राबाची व एक गुंठा चांगले कुजलेले खत घातलेल्या गादीवाफ्यांची रोपवाटिका करावी. दोन्हींत बियाणे सारखे असावे. किती भारे फांद्या लागल्या, तण काढण्यास किती वेळ गेला व लावणीयोग्य रोपे किती निघाली, याची नोंद ठेवावी. या नोंदीवरून शेतकरी स्वतःच निर्णय करील.

नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र हेही येथे अभ्यासण्यासारखे आहे. त्यात कायम गादीवाफ्यांवर भात टोकतात. नांगरणी, चिखलणी व लावणी करीत नाहीत आणि पिकाची मुळे जमिनीतच राहू देतात. चिखलणी टळल्याने मातीची धूप कमी होते. मात्र तणासाठी तणनाशक वापरावे लागते. तेव्हा माती वाचली तरी औषधाचा अंश ओढ्यात जातो काय, हाही प्रश्न विद्यार्थ्याने विचारला पाहिजे. एका पद्धतीचा लाभ सांगताना तिची दुसरी बाजू न झाकणे, हीच शास्त्रीय अभ्यासाची कसोटी होय.

दुसरा टप्पा : जलाशय आणि त्याखाली गेलेली गावे

बारवी धरणाची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. वाढीव उंचीनुसार पूर्ण संचय पातळी ७२.६० मीटर असून साठवणक्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. ती चौतीस हजार कोटी लिटर होते. मात्र दरवाजे बसविल्यानंतरही पुनर्वसनाचा प्रश्न सुटला नसल्याने काही वर्षे तेवढे पाणी साठविता आले नाही. अखेर २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव पातळीपर्यंत पाणी चढले व मुरबाड तालुक्यातील तोंडली, काचकोली यांसारख्या गावपाड्यांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या. बाधित कुटुंबांतील व्यक्तींना महामंडळात आणि धरणाचे पाणी घेणाऱ्या नागरी संस्थांत नोकरी देण्याचे ठरले.

विद्यार्थ्याच्या पुस्तकात विस्थापन हा शब्द सामाजिक प्रश्नांच्या प्रकरणात एका परिच्छेदात येतो. जलाशयाच्या काठी त्याचा अर्थ निराळा होतो. घराचा मोबदला मोजता येतो, परंतु पाण्याखाली गेलेली भाताची खाचरे, गुरांची पायवाट, मोहाची झाडे, देवस्थान व स्मशानभूमी यांची यादी सरकारी पत्रकात सहसा पूर्ण होत नाही. नोकरी कुटुंबातील एकास मिळते, जमीन मात्र साऱ्या घरास काम देत होती. वृद्धांचे व स्त्रियांचे काम कोठे गेले, याची विचारपूस विद्यार्थ्याने घरोघर जाऊन करावी. धरण नको, असा निष्कर्ष त्यावरून आपोआप निघत नाही. खाली लाखो लोकांची तहान या पाण्यावर भागते. परंतु नळ उघडणाऱ्यास पाण्याची किंमत कळावयाची असेल, तर ती कोणी दिली हे त्यास ठाऊक असले पाहिजे. ही माहिती अचूक नोंदविणे हे विद्यापीठाचे काम आहे.

तिसरा टप्पा : वाहते पाणी मोजणे

धरणाखालील नदीचा किंवा गावच्या ओढ्याचा अभ्यास पाणी मोजण्यापासून सुरू करावा. त्यासाठी मोठी उपकरणे लागत नाहीत. ओढ्याचा सरळ असा दहा मीटरांचा भाग निवडावा. टेपाने रुंदी मोजावी व काठीने चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढावी. मग लाकडाचा लहान ठोकळा प्रवाहात सोडून दहा मीटर जाण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. हे तीन वेळा करून सरासरी घ्यावी. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा वेगाने वाहते, म्हणून आलेल्या वेगास ०.८५ ने गुणावे.

उदाहरणार्थ, रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर व लागलेला वेळ २५ सेकंद असल्यास छेदाचे क्षेत्र ०.९ चौरस मीटर आणि सुधारलेला वेग सेकंदास ०.३४ मीटर होतो. या दोहोंचा गुणाकार ०.३०६ येतो. म्हणजे ओढ्यातून सेकंदास सुमारे ३०६ लिटर पाणी वाहते.

हा आकडा हाती नसेल तर पाण्याच्या परीक्षेचा अर्थ चुकीचा लागतो. समजा, याच ओढ्यातील सेंद्रिय घाणीची जैविक प्राणवायू-मागणी लिटरमागे १० मिलिग्रॅम आढळली. तर दिवसाकाठी सुमारे २६४ किलो भार ओढा वाहून नेतो. वरून तेवढेच स्वच्छ पाणी सोडले तर मागणी लिटरमागे ५ मिलिग्रॅम दिसेल व नदी सुधारली असे वाटेल. परंतु भार २६४ किलोच राहील. पाणी दुप्पट झाले म्हणून घाण निम्मी होत नाही. उल्हास नदीत धरणांतून सोडलेले पाणी रोज सारखे नसते. यास्तव नमुना कोणत्या दिवशी घेतला व त्या दिवशी पात्रात पाणी किती होते, याची नोंद नसलेला अहवाल कोणी पुढे केल्यास त्यावर विसंबू नये.

चौथा टप्पा : शहरांखालील नदी

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली केला व १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. तरीही या खोऱ्यात वस्ती व कारखाने ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने सांडपाणी शुद्ध करण्याची सोय वाढली नाही. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. न्यायाधिकरणाने २०१५ साली या भागातील सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व नागरी संस्था यांच्यावर एकूण सुमारे ९५ कोटी रुपयांची जबाबदारी ठेवली. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला. अशा दाव्यांत शेवटी आकडेच बोलतात, हे विद्यार्थ्याने व गावानेही ध्यानात ठेवावे.

नदीत जलपर्णी माजली म्हणजे पाण्यात नत्र व स्फुरद यांचे प्रमाण वाढले, असे समजावे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाणी हे तिचे खत होय. ती काढली व सांडपाणी तसेच राहिले, तर ती पुन्हा येते. तिच्या दाट थराखाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो व मासळी गुदमरते. मासळीसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असे मानक आहे. शेवाळ असलेल्या पाण्यात हा प्राणवायू पहाटे सर्वांत कमी व दुपारी सर्वांत जास्त असतो. एका विद्यार्थ्याने सकाळी सहास व दुसऱ्याने दुपारी दोनास नमुना घेतला, तर एकाच डोहाविषयी दोन परस्परविरुद्ध अहवाल तयार होतील. म्हणून वेळेची नोंद अत्यावश्यक आहे.

शेतकऱ्यासमोरील प्रश्न मात्र अधिक निकडीचा असतो. या पाण्यावर भाजीपाला घ्यावा की नाही? सिंचनाच्या पाण्याचा सामू ६ ते ८.५ च्या दरम्यान असावा व विद्युत वाहकता मीटरला २.२५ डेसिसायमनपेक्षा अधिक नसावी, असे केंद्रीय मानक आहे. परंतु हे दोन आकडे ठीक आले म्हणजे सर्व ठीक, असे नाही. कारखान्यांचे पाणी मिसळत असेल तर जड धातूंची परीक्षा प्रयोगशाळेत करून घेतली पाहिजे. घरगुती सांडपाणी मिसळत असेल तर रोगजंतूंचा धोका असतो. अशा पाण्यावर कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारख्या भाज्या घेऊ नयेत. शंका असलेले पाणी पिकास देण्यापूर्वी विचारणे, हे पीक बाजारात नाकारले गेल्यानंतर विचारण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

नमुना घेण्याची रीत

नमुना चुकला तर उत्तम प्रयोगशाळाही उपयोगाची नाही. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. बाटली स्वच्छ असावी व ज्या पाण्याचा नमुना घ्यावयाचा त्याच पाण्याने ती तीन वेळा विसळावी. जंतुपरीक्षेसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली न विसळता भरावी.

२. काठाचे साचलेले पाणी घेऊ नये. प्रवाहाच्या मध्यभागी, पृष्ठभागाच्या थोडे खाली, बाटलीचे तोंड प्रवाहाकडे करून भरावे.

३. प्राणवायूच्या परीक्षेसाठी बाटली काठोकाठ भरावी व आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

४. नाला नदीस मिळत असेल तेथे तीन नमुने घ्यावेत : नाल्याच्या वर नदीत, नाल्यात आणि पुरेसे मिसळल्यानंतर नदीत खाली.

५. बाटलीवर ठिकाण, दिनांक, वेळ व घेणाऱ्याचे नाव लिहावे. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असल्यास तेही लिहावे. बाटल्या सावलीत, शक्यतो बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेस पोहोचवाव्यात.

६. शेताच्या मातीचा नमुना घेताना आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यावा, कडेची १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करावी व चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत अर्धा किलो ठेवावी.

सुरक्षिततेविषयी एक इशारा आवश्यक आहे. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगर येथे वालधुनीत बेकायदा ओतलेल्या रसायनापासून उठलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना त्रास झाला. रंगीत, फेसाळ किंवा उग्र वासाच्या नाल्यात कोणीही उतरू नये. एकट्याने तर मुळीच जाऊ नये. दोरीस बांधलेल्या भांड्याने काठावरूनच नमुना घ्यावा. पावसाळ्यात धरणाचे पाणी सोडण्याची सूचना असताना पात्रात पाऊल ठेवू नये. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. ही नदी किती झपाट्याने चढते, याचा तो धडा आहे.

गावाने काय द्यावे व काय मागावे

विद्यार्थ्याजवळ उपकरण असते, परंतु काळ नसतो. तो एका ऋतूत येतो. गावाजवळ काळ असतो. पूर्वी ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, कोणती मासळी मिळेनाशी झाली, विहिरीस पाणी किती हातांवर लागत असे, याची माहिती वृद्ध स्त्रीपुरुषांजवळ असते. ती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अशी माणसे विद्यार्थ्यास भेटवावीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाने ठेवावयाच्या जैवविविधता नोंदवहीत ही माहिती उतरविता येते.

त्याच्या बदल्यात गावाने तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, अहवालाची प्रत मराठीत मिळावी. दुसरी, आकड्यांचा अर्थ विद्यार्थ्याने ग्रामसभेत स्वतः समजावून सांगावा. तिसरी, पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात व त्याच रीतीने पुन्हा मोजणी करावी. एका वर्षाचा आकडा ही बातमी असते, दहा वर्षांचे आकडे हा पुरावा असतो. शाळेच्या भिंतीवर किंवा पंचायतीच्या फलकावर विहिरीची पाणीपातळी दरमहा लिहिण्यास खर्च काहीच नाही. एवढी नोंद जरी सुरू झाली, तरी पुढील विद्यार्थ्यास कोऱ्या पानापासून आरंभ करावा लागणार नाही.

बारवीच्या खोऱ्यात डोंगरावरील शेतकरी माती राखतो, जलाशयाकाठचा शेतकरी जमीन देतो, शहर पाणी पिते आणि खाडीकाठचा कोळी व शेतकरी शहराची घाण सोसतो. हे चौघे एकाच पाण्याने बांधलेले असूनही एकमेकांस ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देणे, हा विद्यापीठातील पर्यावरण-अभ्यासाचा खरा उपयोग होय. विद्यार्थी गावातून पाण्याची बाटली घेऊन जाईल, तेव्हा तिच्या परीक्षेचा निकाल गावात परत कधी येणार, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने त्यास अवश्य विचारावा व उत्तराची तारीख आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवावी.